ओळखल्याशिवाय खायचं नाही

त्या घरात बिस्किटं खायचा एक कायदा होता, आणि तो पाच वर्षांच्या पोरीने केलेला होता. बिस्कीट कशाचं आहे हे ओळखल्याशिवाय ते तोंडात घालायचं नाही.

कशाचं म्हणजे मैद्याचं की कणकेचं, असं नव्हे. आठवड्यात घडलेल्या एखाद्या गोष्टीचं. रविवारची जेवणं आटोपली की धाकटी टेबल घासूनपुसून घ्यायची, लोणी-साखर फेसायची, मैदा चाळायची आणि मळलेल्या गोळ्याचा निम्मा भाग भिंगरीच्या स्वाधीन करायची. मग भिंगरी जीभ बाहेर काढून कामाला लागायची. शेजारच्या आजोबांची भाजीच्या पिशवीत सापडलेली कवळी. शाळेतल्या बाईंच्या चपलेचा तुटलेला अंगठा. बाबा रुसले तेव्हाची त्यांची पाठ. भाजून बाहेर आल्यावर या सगळ्याचं जे काही व्हायचं ते तिचं तिलाच कळायचं, पण बाकीच्यांनी ओळखायचं होतं. दोनदा चुकलात तर हरकत नाही, दहादा चुकलात तरी नाही. फक्त ओळखल्याशिवाय खायचं नाही.

धाकटी म्हणजे भिंगरीची आई. या घरात ती धाकटी सून म्हणून आली. थोरली सून वर्षभरातच नवऱ्याच्या बदलीबरोबर लांब निघून गेली ती गेलीच. पण हिचं धाकटेपण काही सुटलं नाही. घरात एकच सून, आणि तीही धाकटी. नावातच उतरंडीवरचं शेवटचं मडकं असल्यासारखं झालं होतं, आणि तिनेही ते मुकाट्याने मान्य केलं होतं. कुणी काही सांगितलं की तिच्या तोंडून आधी "बरं" निघायचं, आणि मग ती आत जाऊन विचार करत बसायची की आपण हे का कबूल केलं.

काळजी करण्यात मात्र तिचा हात कुणी धरला नसता. भिंगरी झोपेत जरा जास्त वेळ हलली नाही तर ही तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. शाळेतून डबा परत आला की उघडायच्या आधी हातावर तोलायची. वजनावरून तिला कळायचं पोरगी किती जेवली ते. बहुतेक वेळा डबा जड असायचा. पोरगी खात नव्हती हेच तर मूळ दुखणं. डॉक्टरांकडे वजनकाट्यावर उभं करायचे, काटा बघून डॉक्टर "हूं" म्हणायचे, आणि त्या एका "हूं"वर धाकटीच्या आठवडाभराच्या झोपेचं खोबरं व्हायचं.

अशाच एका "हूं"नंतरच्या रविवारी ती बिस्किटं करत होती. रडवेल्या पोरीला गप्प बसवायला तिने गोळा दिला. भिंगरीने त्याचा वजनकाटा केला. भाजून आल्यावर त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि कचाकचा खाऊन टाकला. मग डॉक्टरांचा चष्मा केला. तोही खाल्ला. धाकटी ओट्याला टेकून बघत राहिली. हललीसुद्धा नाही, आपण हललो तर पोरगी थांबेल म्हणून.

तेव्हापासून रविवार दुसऱ्या कशालाच मोकळा नव्हता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सुट्टीच्या दिवशी हमखास कुणीतरी कुठेतरी अडकायचं आणि त्याला बोलावणं यायचं. पण परत आला की हात साबणाने घासून आधी टेबलापाशी. सासूबाई ओळखण्यात सगळ्यांत पटाईत. पण त्या मुद्दाम वेळ लावायच्या. "थांब गं, घाई नको. हे शिंग आहे की शेपूट?" असं करत बिस्कीट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायच्या, आणि बाकीचे ताटकळत बसायचे.

या सगळ्यात एका रविवारी नणंदबाई आल्या.

नणंदबाई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, भिंगरीची आत्या. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. एका मोठ्या कंपनीत समारंभ, पाहुणे, भेटवस्तू असलं सगळं त्यांच्याकडे होतं. बोलण्यात हार जाणं त्यांना माहीत नव्हतं आणि बसणं तर त्याहून नाही. उभ्या-उभ्याच चहा प्यायच्या, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवायच्या नाहीत.

भिंगरीने पुढे बशी केली. "आत्या, ओळख."

"मुळा?"

"नीट बघ ना."

"मला कुठे वेळ आहे नीट बघायला," म्हणत नणंदबाईंनी बिस्कीट तोंडात टाकलं. ते पाण्याच्या टाकीवर चढलेलं मांजर होतं. सकाळपासून त्या मांजराच्या मिश्यांवर काम चाललं होतं.

भिंगरीने आईकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "असू दे गं. आत्या मोठी आहे ना, तिला चालतं."

पोरगी बशी घेऊन खुर्चीवर चढली आणि उरलेली बिस्किटं मोजल्यासारखं करत राहिली.

"अगं पण काय चव आहे," नणंदबाई म्हणाल्या. "आणि हे तुम्ही घरात बसून खाताय? डोकं आहे की नाही? आमच्या कंपनीचा वर्धापनदिन आहे. पाहुण्यांना देण्यासाठी डबे हवेत. मागच्या वेळी मी मेणबत्त्या दिल्या तर साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, दिवे गेलेत का. मी उद्याच सांगते त्यांना, घरगुती बिस्किटं, माझ्या भावजयीच्या हातची."

"पण ताई, मला चष्म्याच्या दुकानातलं कामही असतं…"

"अर्धा दिवस तर असतं. संध्याकाळी काय करतेस? चार पैसे येतील, नाव होईल. नाहीतरी करतेसच ना?"

हे "नाहीतरी करतेसच ना" मोठं वाईट असतं. त्याला उत्तर सापडेपर्यंत समोरचा माणूस दारातून बाहेर पडलेला असतो. धाकटीच्या तोंडून "बरं" निघून गेलं.

रात्रीची भांडी आवरताना नवरा म्हणाला, "आमच्या लिफ्टमध्ये जास्तीचा माणूस चढला की घंटा वाजते. दार लागत नाही, लिफ्ट जागची हलत नाही, कितीही बटणं दाबा. तुझी घंटाच कुणीतरी काढून ठेवलीय."

"मग बसवून दे."

"आम्ही लिफ्टवाले. बायकांचं काम आमच्याकडे नसतं."

"आईला घंटा असते?" भिंगरीने टेबलाखालून विचारलं.

"असते. वाजत नाही इतकंच."

"तू स्वतः का नाही सांगितलंस ताईंना?" धाकटीने विचारलं.

नवऱ्याने ताट जरा जास्तच वेळ पुसलं. "ती माझी मोठी बहीण आहे," तो म्हणाला. "लहानपणापासून माझीही वायर तिनेच तोडलीय."

पुढच्याच आठवड्यात साचा आला. पत्र्याचा, गोल, मधोमध कंपनीची खूण. त्याबरोबर प्लॅस्टिकचे हातमोजे, डोक्याला बांधायच्या टोप्या आणि रिकाम्या डब्यांच्या थप्प्या. नणंदबाईंनी उभ्या-उभ्याच सगळं समजावलं. जाडी सारखी, रंग सारखा, खूण स्पष्ट उठली पाहिजे. आणि मुलीला लांब ठेव. एखादा केस निघाला तर माझी मान जाईल.

धाकटी सकाळी चष्म्याच्या दुकानात, दुपारी भिंगरीला घेऊन घरी, आणि संध्याकाळी टोपी बांधून ओट्याशी, असं चक्र सुरू झालं. भिंगरी पलीकडच्या खोलीत टीव्हीपुढे. पहिल्या दिवशी ती सवयीने खुर्ची ओढत आली, तर धाकटीच ओरडली, "हात लावू नको!" आपला आवाज ऐकून तिची तीच दचकली. नणंदबाईंचा आवाज होता तो, फक्त तिच्या घशातून आलेला.

पोरगी मागे सरली. दारातूनच तिने ताटातल्या बिस्किटांच्या रांगा पाहिल्या. गोल, गोल, गोल.

"ही कुणाची आहेत?"

"कुणाचीच नाहीत गं. ऑर्डरची आहेत."

"कशाची आहेत?"

"कशाचीच नाहीत."

भिंगरीने जरा विचार केला. "मग खायची कशी?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टीव्हीकडे गेली.

रविवारही ऑर्डरीतच गेला. सासूबाईंना एक जरा करपलेलं, बाद झालेलं बिस्कीट मिळालं. त्यांनी ते सवयीने खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, आणि खाऊन टाकलं. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण खाऊन लगेच संपतं." आपल्या लेकीच्या ऑर्डरीबद्दल याहून वाईट त्या बोलणार नव्हत्या.

सोमवारी डबा परत आला. धाकटीने तो पिशवीतून काढला, हातावर घेतला आणि तशीच उभी राहिली. डबा जड होता. मंगळवारी जड होता. बुधवारी तर झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

तिने रागावून बघितलं, चुचकारून बघितलं. गुरुवारी साच्यातलं एक बिस्कीट डब्यात घातलं. ते जसंच्या तसं परत आलं, वरची खूणसुद्धा न पुसता.

आणि तरी धाकटी त्या संध्याकाळी टोपी बांधून ओट्याशी उभी राहिलीच. शब्द दिला होता ना. आता मधूनच कसं सोडायचं, ताईंना काय वाटेल, आई काय म्हणतील, लोक हसतील. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. फरक इतकाच की भिकेत माणूस मागतो, आणि भिडेत देत सुटतो, मागितलेलं आणि न मागितलेलंही.

शुक्रवारी दुकानात एक बाई आल्या. त्यांच्याबरोबर सगळं घरदार. सासू, दोन दीर, मोठी जाऊ. चष्म्याच्या दुकानात असे ताफे नेहमी येतात. डोळे एकाचे असतात आणि पसंती पाचजणांची. ती बाई फ्रेम घालायची आणि ताफा निकाल द्यायचा. "ही नको, नाक मोठं दिसतं." "ही बरी, शोभते तुला." "काळी घे, मळत नाही."

बाई प्रत्येक वेळी आरशाकडे वळायची, डोळे बारीक करायची आणि मान डोलवायची. त्यात एक मेख असते, ती धाकटीला इतक्या वर्षांत पाठ झाली होती. दुकानातल्या फ्रेमींना नंबर नसतो, साधी काच असते. जाड नंबरवाल्या माणसाने आपला चष्मा काढून ती फ्रेम घातली की आरशात त्याला आपलाच चेहरा धूसर दिसतो. आपण कसे दिसतो हे कळायला जो चष्मा लागतो, तोच नेमका काढून ठेवलेला असतो. मग शेजारचा सांगेल ते खरं.

"घेते ही काळी," बाई म्हणाली.

"थांबा," धाकटी म्हणाली. तिने फोन काढला, त्या बाईचा काळ्या फ्रेमीतला फोटो घेतला, मग आधी बाजूला पडलेल्या तीन-चार फ्रेमींतले घेतले. "आता तुमचा जुना चष्मा लावा आणि बघा."

बाईने आपला चष्मा लावला. फोन डोळ्यांजवळ धरला. एकेक फोटो पुढेमागे करत राहिली. ताफ्याची चुळबुळ सुरू झाली. मग बाईने एका फोटोवर बोट ठेवलं. पिवळसर, पारदर्शक, जरा मोठीच फ्रेम. मघाशी जावेने जिला बेडकाचे डोळे म्हटलं होतं ती.

"ही," बाई म्हणाली.

"अगं, ही?"

"हो. मी मला आत्ता दिसले."

ताफा नाकं मुरडत बाहेर पडला. चष्मेवाले काका गल्ल्यावरून म्हणाले, "एका गिऱ्हाइकाला इतका वेळ? काळी केव्हाच खपली असती."

"खपली असती हो काका. आणि कपाटात पडली असती."

"कपाटात पडली तर आपल्याला काय?" काका म्हणाले. "उलट दुसरी घ्यायला आली असती." पण त्यांनीही ती पिवळी फ्रेम नीट फडक्याने पुसून, बाईचं नाव लिहून ठेवली.

धाकटी घरी आली ती वाट कशी संपली ते तिला कळलं नाही. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. तिचा तसा फोटो कुणी काढून दाखवला असता तर? टोपी बांधलेली, हातमोजे घातलेली, दाराकडे पाठ केलेली बाई. आणि दारात एक पोरगी.

तसा फोटो काढायची वेळ दुसऱ्याच दिवशी आली, आणि तोही खराखुरा.

शनिवारी दुपारी नणंदबाई एका फोटोवाल्याला घेऊन आल्या. समारंभात मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता म्हणे. डब्यांवर चिकटवायची कार्डंही छापून आली होती. त्यावर वळणदार अक्षरांत होतं, "आईच्या मायेने, लेकीच्या इवल्या हातांनी." मायलेकींसाठी एकाच कापडाचे दोन एप्रन होते, एक मोठा, एक छोटा, दोन्हींना झालर.

"भिंगरी, ये गं इकडे. हे घाल. अशी आईला चिकटून उभी राहा. हात पिठात घाल. अंहं, दोन्ही."

फोटोवाल्याने चिमूटभर मैदा घेऊन भिंगरीच्या नाकाला लावला. भिंगरीने पुसून टाकला.

"राहू दे बाळ, छान दिसतं."

"माझ्या नाकाला कधीच पीठ लागत नाही," भिंगरी म्हणाली.

सासूबाई सोफ्यावरून हसल्या. नणंदबाई नाही हसल्या. "चल, साचा हातात घे आणि दाब. रोज आईबरोबर करतेस ना, तसं कर."

"मी नाही करत रोज."

"करतेस गं."

"नाही. मी त्या खोलीत असते. टीव्ही बघते."

फोटोवाल्याने कॅमेरा जरा खाली घेतला. नणंदबाईंनी गोड आवाज काढला. तो त्या फक्त साहेबांसाठी आणि लहान मुलांसाठी राखून ठेवायच्या. "अगं राणी, फोटोपुरतं. कुणी विचारलं तर म्हणायचं, मी आणि आईने केली. कळलं? म्हण बघू."

भिंगरी म्हणाली नाही. तिने मान वळवून वर पाहिलं. झालरीच्या एप्रनमध्ये ती आणखीच बारीक दिसत होती, मनगटं तर पेन्सिलीसारखी.

"आई," तिने विचारलं, "मी केली का ही?"

तिचा प्रश्न अगदी साधा होता. खोडी नव्हती, हट्ट नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आत्या म्हणते केली, आपल्याला वाटतं नाही केली. आता आई सांगेल ते खरं.

"असू दे गं, म्हण, आत्या मोठी आहे ना," एवढे शब्द धाकटीच्या ओठांपर्यंत आले. ते तिथेच राहायचे नेहमी, दारात ठेवलेल्या चपलांसारखे. पाय घातला की चालू पडायचे. पण या वेळी तिला समोर ती कालची बाई दिसली, आरशापुढे डोळे बारीक करणारी. पोरीला आपला चेहरा बघायला आत्ता एकच चष्मा होता, आणि तो म्हणजे आई. तो धूसर निघाला तर ती जन्मभर ताफ्याला विचारत फिरेल, मी कशी दिसते.

"नाही," धाकटी म्हणाली. "तू नाही केलीस. मी तुला करूच दिली नाहीत."

फोटोवाल्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"बरं, म्हणजे तसं नव्हे हो," नणंदबाई फोटोवाल्याकडे वळून म्हणाल्या, "आमची धाकटी जरा…"

"तसंच आहे, ताई." धाकटीने एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेले. गाठ सुटेना. सुटली तेव्हा तिने एप्रन डोक्यावरून काढला, घडी केली, आणि भिंगरीचाही काढून त्यावर ठेवला. "फोटो नको. कार्डंही नकोत. झालेले डबे घेऊन जा, माझी ना नाही. पण उरलेले मी करणार नाही."

"करणार नाही म्हणजे? मी शब्द दिलाय."

"शब्द तुमचा होता, ताई. हात माझे होते. दोन्ही तुम्हीच देऊन टाकलेत."

"आणि तू बरं म्हणालीस त्याचं काय?"

"म्हणाले. चूक झाली. आता नाही म्हणतेय."

"वा," नणंदबाई म्हणाल्या. "कानामागून आली आणि तिखट झाली. साहेबांना काय सांगू मी? आमच्या भावजयीला बिस्किटं करायचा कंटाळा आला?"

"कोपऱ्यावरच्या बेकरीला साचा द्या. एका दिवसात करून देतील, माझ्यापेक्षा सारखी. आपल्याला सारखीच हवीत ना? तोंडात घालून कुणी फरक सांगितला तर मी सगळे डबे परत घेईन."

फोटोवाला मध्येच म्हणाला, "मी खाली थांबू का?" आणि तो कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून निघून गेला.

सासूबाई सोफ्यावर ताठ झाल्या होत्या. "धाकटे, मोठ्यांशी असं बोलतात का?"

"मोठ्यांशी खरं बोलावं, असं तुम्हीच भिंगरीला सांगता, आई. मी तिच्यासमोर दुसरं काय बोलू?"

"अगं पण लेक आहे माझी ती."

"आणि ही माझी आहे." धाकटीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर फुटला असता, म्हणून ती तो खालीच धरून होती. "आठवडाभर तिचा डबा जड येतोय. झाकण उघडत नाही ती. मी तिला या टेबलावरून हाकललं, आणि आता त्याच टेबलाशी तिला हसत उभं करायचं? ताई, तुम्हाला माझ्या बिस्किटांची चव आवडली ना? ती पिठात नव्हती. ती या पोरीच्या वेड्यावाकड्या बोटांत होती. तीच पुसून मी तुम्हाला गोल करून दिली. जी उरली नाही तिचा फोटो काढून काय करणार?"

नणंदबाईंनी भावाकडे पाहिलं. तो केव्हाचा दारात उभा होता, कामावरून आलेला, हाताला ग्रीस. त्याने बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बराच वेळ तो असा उभा राहिला की धाकटीला वाटलं, आता हाही "असू दे गं" म्हणणार.

"वाजली," तो म्हणाला.

"काय वाजली?" नणंदबाई खेकसल्या.

"काही नाही. घंटा. आता हलायची नाही ती लिफ्ट, ताई. मी यातला माणूस आहे, मला कळतं. डबे कुठले न्यायचे सांग, मी खाली आणून देतो."

डबे गेले. एप्रन गेले. साचा टेबलावरच राहिला, रागाच्या भरात.

धाकटी शूर वगैरे झाली नव्हती. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. संध्याकाळभर फोन उलटा ठेवून पुन्हापुन्हा सुलटा करून बघितला. नणंदबाईंचा निरोप नव्हता. सासूबाई जेवताना फक्त "मीठ दे" एवढंच बोलल्या, आणि मीठ घेतलंच नाही. आपण घर मोडलं, असंही तिला वाटून गेलं. मग वाटलं, घर मोडलं असेल तर ते कुठल्या खिळ्यावर उभं होतं, माझ्या एका "बरं"वर? तसं असेल तर खिळा बदललेलाच बरा.

रविवारी दुपारी तिने टेबल घासलं. लोणी-साखर फेसली. बोलावलं मात्र कुणालाच नाही. भिंगरी दारात येऊन उभी राहिली, उंबऱ्याच्या पलीकडेच.

"ही कुणाची?" तिने लांबूनच विचारलं.

"माहीत नाही. अजून झाली कुठे आहेत?"

पोरगी जरा थांबली. मग खुर्ची ओढल्याचा खर्रर्र आवाज आला, आणि धाकटीने मागे वळून बघितलं नाही, आपण हललो तर ती थांबेल म्हणून.

त्या दिवशी कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून पळणारा माणूस झाला. जावेने हिणवलेला पिवळा चष्मा झाला. त्याची गोष्ट धाकटीने सांगितली होती. आणि भिंगरीने बराच वेळ खपून आणखी एक केलं. वर निमुळतं, खाली पसरट, आत एक लोंबतं टोक, आणि वरच्या बाजूला आईच्या केसांचा अंबाडा. सासूबाई सोफ्यावरून मान उंचावून बघत होत्या. चष्मा त्यांनी ओळखला, फोटोवाला ओळखला. दोन्ही खाताना त्यांनी इतका वेळ लावला की नवरा म्हणाला, "आई, उद्या कामावर जायचंय मला." तिसरं उचलायला गेल्या तर भिंगरीने बशी मागे घेतली. "ते आत्याचं आहे."

"ती कसली येतेय," सासूबाई म्हणाल्या, आणि तरी दाराकडे बघितलं.

उन्हं उतरल्यावर बेल वाजली. नणंदबाई साचा न्यायला आल्या होत्या. बेकरीवाल्याला द्यायचा होता. आत आल्या, पर्स खांद्यावरच. धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "साचा."

धाकटीने धुऊन पुसून ठेवलेला साचा दिला. "चहा टाकू का, ताई?"

"घाई आहे मला."

भिंगरी बशी घेऊन पुढे झाली. "आत्या, ओळख."

नणंदबाईंनी सवयीने हात पुढे केला, बिस्कीट उचलायला. भिंगरीने बशी छातीशी ओढली.

"ओळखल्याशिवाय नाही."

"अगं, मला कुठे वेळ…"

"मग नाही मिळणार."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. नवऱ्याने, सासूबाईंनी, नणंदबाईंनी तर भुवई वर करून. धाकटीने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं.  पण "असू दे गं" काही तोंडातून निघालं नाही.

नणंदबाईंनी साचा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दाराकडे बघितलं. मग बशीत डोकावल्या. "टोपी?"

"नाही."

"पातेलं. उलटं ठेवलेलं."

"नाही."

"मग हे वर काय आहे, शेपूट?"

"जवळून बघ," भिंगरी म्हणाली.

नणंदबाईंनी सुस्कारा सोडला. पर्स खांद्यावरून उतरवून खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि बसल्या. "आण इकडे. उजेडात धर जरा. हा अंबाडा आहे का? कुणाचा अंबाडा? अगं धाकटे, सांग की काय आहे ते."

धाकटीला माहीत होतं काय आहे ते. कालपासून ते तिच्या कानात वाजत होतं.

"मला नाही सांगता येणार, ताई," ती म्हणाली, आणि चहाचं पाणी ठेवायला वळली.